जवाचं पाणी

सोल्ही तोंग्योंग बंदरावरच्या एका शेडमध्ये कालवं सोलायची. सांध्यात सुरी खुपसायची, मनगट वळवायचं आणि मांस न फाटता बाहेर काढायचं. लग्नाआधीपासून ती हेच करत आली होती. मेहनत करून पदरात काही पडलं नाही की कुठेतरी गळती आहे, एवढं तिला पक्कं कळत होतं.

तिचा मुलगा हानग्योल अर्ध्याच हृदयाचा जन्मला. पहिलं ऑपरेशन लगेच झालं. दुसरं पोराच्या अंगावर मांस चढल्याशिवाय करता येणार नाही, असं बुसानच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दूध पिणं हीच त्या पोराची हमाली. चार घोट घेतले की तो दमायचा, कपाळ घामेजायचं, ओठ जांभळे पडायचे. म्हणून डब्याचं दूध नेहमीपेक्षा घट्ट करायचं आणि थांबत थांबत पाजायचं. सोल्ही शेडमध्ये असली की सासू पाजायची. दिवसभरात पोटात किती पातळ जावं यालाही मर्यादा होती, कारण जादा पाणी त्या हृदयाला उपसवत नव्हतं. म्हणजे प्रत्येक घोटात कस हवा.

वजन मात्र हलेना. शेडमधल्या बायकांनी तिलाच धारेवर धरलं. बोंग्येताई म्हणाली, दुसऱ्यांच्या ताटात गुबगुबीत कालवं घालतेस आणि घरात सुकट वाळवतेस. बाकीच्या हसल्या. बुसानला तर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली आणि नर्सने विचारलं, दूध नीट मापून करता ना? सोल्ही सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून माप घ्यायची. त्या प्रश्नाने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एके दिवशी वाऱ्यामुळे बोटी निघाल्याच नाहीत. शेडमध्ये माल नव्हता. सोल्ही दुपारीच घरी आली.

सासू ओट्याजवळ बसली होती. मांडीवर हानग्योल, तोंडात बाटली. बाटलीत तपकिरी पाणी होतं, भाजलेल्या जवाचं. त्या घरात साधं पाणी कुणी पीत नसे, किटलीत कायम तेच असे. दुधाला दमणारं पोर ते सटासट ओढत होतं.

"आई, हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. घामाने निथळतंय गं लेकरू. घसा सुकत नसेल त्याचा?"

"डॉक्टरीणबाईंनी पाणी नको म्हणून सांगितलं होतं. तुमच्यासमोर."

"साधं पाणी नको म्हणाल्या त्या. हे तर भाजून उकळलेलं आहे. दोक्सूला मी ह्याच्यावरच वाढवलं."

"दोक्सूचं हृदय पूर्ण होतं."

सोल्हीने किटली उचलली आणि मोरीत उपडी केली. सगळं लख्ख समजत होतं. दिवसभराच्या पाण्याची मर्यादा या बिनकसाच्या पाण्यात जात होती. पोट टम्म व्हायचं, मग ते घट्ट दूध आलं की पोर मान फिरवायचं. आणि सासू दरवेळी सांगायची, आज पोटभर प्यायला. ते खोटंही नव्हतं.

सोल्हीचा नवरा दोक्सू कामावरून आला तेव्हा आईचीच बाजू घेऊन बसला. ती म्हातारी आहे, तिने मायेने केलं, आवाज चढवू नकोस.

"तुझ्या आईची माया वजनकाट्यावर ठेवू का?" सोल्ही म्हणाली. "तिकडे काटा हलायला हवाय."



सकाळी सासूने गाठोडं बांधलं. लेकीकडे गोसाँगला जाते म्हणाली. सोल्हीला वाटलं, जाऊ दे. शेड सोडावी आणि आपणच पाजावं. पण एक गोष्ट तिला आधीपासून माहीत होती आणि तिचा तिला भयंकर संताप यायचा. पोर तिच्या हातून कमी प्यायचं. तिचा हात घाई करायचा, शेडमधल्यासारखा. सासूचा हात धरणीसारखा स्थिर. त्या हातावर हानग्योल दमला तरी पुन्हा बाटलीला तोंड लावायचा.

तिने दारातून गाठोडं ओढून घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि मी सांगते तसंच करायचं. तसूभरही इकडे तिकडे नाही."

ती काही दिवस कामावर गेलीच नाही, सासूच्या डोक्यावर उभी राहिली. चमचा सपाट करा. नाकपुड्या फुलल्या की थांबा. घाम आला तर पुसा, पाजू नका. घसा सुकलाच असेल तर दूधच द्या. सासूचा हात चुकला की दूध ओतून पुन्हा करायला लावायची. म्हातारी एकदा रडली. सोल्ही दुसरा चमचा धुवायला गेली, तेवढंच. घरात जव भाजायचं बंद झालं. दोक्सू नळाचं पाणी तोंड वाकडं करून प्यायचा.

काटा हलला. बुसानला तारीख मिळाली. डॉक्टरीणबाई सासूकडे वळून म्हणाल्या, आजी, तुम्ही फार कष्ट घेतलेत. सासूने कमरेतून वाकून नमस्कार केला. सोल्हीने दुसरीकडे पाहिलं. मधले महिने वाया गेले होते. ते कुणी परत देणार नव्हतं, आणि एवढ्याशा जिवाने ते जांभळ्या ओठांनी काढले होते.

परतीच्या बसमध्ये हानग्योल कुरकुरायला लागला. सोल्हीने दूध केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला. तिचा राग जागचा हलला नव्हता. तिने बाटली सासूच्या हातात दिली.