काकूंचा वाघ

पाण्याची बाटली पुढे केली की काकू तळहात आडवा धरायच्या. "नगं गं, पिऊनच निघाले मी." हे साफ खोटं असायचं. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या घशाखाली घोटभर पाणी उतरलेलं नसायचं. मला ते ठाऊक होतं, कारण माझंही तेच असायचं. तुम्ही घरच्या बायकांना घेऊन लांबच्या रस्त्याला लागला असाल, तर जरा आठवून बघा, त्यांच्यातल्या कुणी पाणी मागितलं होतं का.

काकू लातुरात आमच्या शेजारी राहायच्या. काकांचं तेलबियांचं आडत दुकान होतं. ते गेल्यावर दुकान मुलाने घेतलं आणि काकूंनी आमच्या गाडीतली खिडकी घेतली. सुट्टीच्या दिवशी कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे ओढून, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन त्या सकाळीच फाटकापाशी हजर असत. "आज कुठं न्यायलास रं?" असं माझ्या नवऱ्याला दरडावून विचारत.

खरोशाची लेणी, हत्तीबेट, माहूर, सगळं त्यांच्यासोबत पाहिलं. मग आमची भूक वाढली. लोणार झालं, चिखलदरा झालं, पार आंबोलीपर्यंत जाऊन आलो. काकूंचं माहेर बिलोलीकडचं, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं. त्यामुळे कुठलाही धबधबा दाखवा, निकाल ठरलेला: "चांगला हाय. पण आमच्या सहस्रकुंडाची सर न्हाई." आंबोलीत हे त्यांनी चहावाल्यालाही ऐकवलं. तो बिचारा हो म्हणाला.

वाटेत एखादं वळण आवडलं की "थांब की रं, बगू तर दे!" म्हणून गाडी थांबवायला लावायच्या. पेट्रोल पंपावर मात्र आम्ही दोघी उतरायचो, 'महिला' लिहिलेल्या, कुलूप घातलेल्या दाराकडे बघायचो आणि परत येऊन बसायचो. नवरा विचारायचा, "झालं?" काकू म्हणायच्या, "झालं की."

मग आम्ही ताडोबाला गेलो. सोबत शेजारचं एक जोडपं होतं. काकूंना वाघ बघायचा होता. थंडी कडाक्याची होती, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी पहाटे कुणीतरी आग्रहाने चहा दिला आणि काकू नाही नाही म्हणत तो प्यायल्या. उघड्या जिप्सीत बसल्यावर गाईडने बजावलं, मध्ये कुठेही पाय खाली ठेवायचा नाही.

बरंच आत गेल्यावर काकूंनी माझा गुडघा दाबला. "मला जायचंय गं."

उतरायची ठरलेली जागा अजून लांब होती. गाईडला सांगितलं असतं तर त्याने गाडी तिकडे पळवली असती, त्याला ते रोजचंच असणार. पण एवढ्या पुरुषांसमोर माझी जीभ उचलेना. मी बँकेत नोकरी करते, काउंटरवर दिवसभर पुरुषांशी भांडते. तरी मी काकूंच्या कानात म्हटलं, "थोडं धरा." माझ्या आईने मला हेच शिकवलं होतं.

आणि वाघ आला. सगळे ताडकन उभे राहिले, नवऱ्याने मोबाइल वर धरला. काकू उठल्या नाहीत. त्यांनी शाल मांडीवर ओढून घेतली आणि मान खाली घातली. माझ्या साडीला ओल लागली तेव्हा मला कळलं. "कुणाला सांगू नगंस," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे मला त्या सीटवर समजलं.

गाडीतून त्या सगळ्यांत शेवटी उतरल्या. कुणाला काय कळलं, मला माहीत नाही. परतीच्या रस्त्यावर काकूंना एकही वळण आवडलं नाही.

काही दिवसांनी त्या घरी आल्या. नवरा नाही हे बघून हळूच म्हणाल्या, "गल्लीत समद्या इचारायल्यात, वाघ कसा होता. काय सांगू?"

नवऱ्याने तो व्हिडिओ मलाही पाठवला होता. मी तो लावून दिला. "केवढा हाय गं ह्यो!" काकू हरखल्या. वाघ रस्ता ओलांडून बांबूत शिरला. मग मोबाइल आमच्या गाडीकडे वळला. उभी राहून हसणारी माणसं दिसली, आणि त्यांच्यामध्ये माना खाली घालून बसलेल्या दोन बायका. काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ही मी. आन ही तू? तू बी न्हाई पाहिलास वाघ?"

मी मान हलवली.

"माझ्यापायी तुझा वाघ गेला की गं पोरी."

मी थोडं धरा म्हटलं होतं आणि माफी त्या मागत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, "शेवटचं तेवढं कुणाला दावू नगंस."

त्यानंतर आम्ही बोलावलं तरी त्या गाडीत बसल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. गल्लीत मात्र वाघाची गोष्ट झकास सांगायच्या, आणि मी शेजारी बसून हो हो म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या सुनेने तो व्हिडिओ मागितला. म्हणाली, आत्याबाईंची हौस होती, आठवण म्हणून ठेवते. मी वाघ बांबूत शिरतो तिथवरचाच कापून पाठवला.

लगेच तिचा फोन आला. "वहिनी, ह्यात आत्याबाई कुठंच दिसंनात की."