बिघडवे सर

बिघडवे सर शाळेत आले की आधी रेडिओ बिघडवत. तो नीट चाललेला असला तरीही. मागचं झाकण उघडून आत हात घालत, काहीतरी उपटत, काहीतरी सैल करत आणि झाकण लावून म्हणत, "गुरुजीनू, चाय सांगा. माका सांजच्या एस्टीपर्यंत घाई नाय. तवसर तुमी हेका बोलतो करा." मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून पानाचा डबा उघडत. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शिरोड्यापासून कणकवलीपर्यंतच्या मास्तरांत ते बिघडवे सरच.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. गावात वीज नव्हती, पण शाळांसाठी बॅटरीवरचे रेडिओ आले होते. दुपारी ठरलेल्या वेळी मुलांसाठी धडे लागत. रेडिओ आले, पण ते वर्गात वापरायचे कसे हे मास्तरांना कोण सांगणार? म्हणून खात्याने काही शिक्षकांना पुण्याला धाडून शिकवून आणलं आणि शाळाशाळांतून फिरायला लावलं. बिघडवे सर त्यांतले एक. धोतर, काळा कोट आणि हातात पत्र्याची ट्रंक. कोकणातल्या उकाड्यात तो कोट त्यांनी कधी उतरवलेला मी पाहिला नाही. ट्रंकेत अर्धी हत्यारं असत आणि अर्धा चिवडा.

आमची शाळा देवळाच्या धर्मशाळेत भरे. शिक्षक दोनच, हेडमास्तर आबा गुरुजी आणि नवखी मी. रेडिओ आला त्या दिवशी गुरुजींनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी जानव्याला. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ह्यां सरकारी सामान गो. बिघाडला तर नाव माझा येतला. दोन वर्सांनी मी घराक जातंय, तेवा डाग नको." गुरुजी भित्रे नव्हते. पावसाळ्यात भरलेला वहाळ ओलांडून शाळेत येणारा माणूस तो. पण त्या पेटीला ते बोटही लावत नसत.

सर पहिल्यांदा आले आणि त्यांनी गुरुजींच्या देखत बॅटरीची वायर उपटली, तेव्हा गुरुजींनी घाईघाईने क्रोशाचा रुमाल पेटीवर परत घातला. सर म्हणाले, "भितास कित्याक? बिघाडलो तो बिघाडलोच. आता आणखी काय जातला?" त्या बोलण्यात काय जादू होती कोण जाणे. गुरुजींनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि झाकण उघडलं. सगळी दुपार आम्ही दोघं त्या पेटीत डोकं घालून बसलो होतो. शेवटी आतून एकदम तबला वाजायला लागला आणि गुरुजी लहान मुलासारखे हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

रेडिओची एक तार माडावर चढवायची होती आणि दुसरी जमिनीत पुरायची. जमिनीतल्या तारेभोवती ओल टिकली नाही तर आवाज येत नाही, असं सरांनी सांगितलं. ओल राहणारी जागा कुठली? सरांनी अंगणभर नजर फिरवली आणि ते तुळशी वृंदावनापाशी जाऊन उभे राहिले. गुरुजी रोज प्रार्थनेआधी स्वतः तुळशीला पाणी घालत. सर म्हणाले, "तुळशीक घालतास त्यातला वायच हिकाय मेळात." गुरुजींनी थोडा विचार केला, मग वृंदावनाच्या पायथ्याशी लोखंडी खुंटी ठोकू दिली. तार तिला बांधली.

तरी खरी भीती वेगळीच होती. ती एके दिवशी बाहेर आली. गुरुजी हळूच म्हणाले, "पेटीच शिकवूक लागली तर माका कोण इचारतलो?" धडा सुरू झाला तसं सरांनी गुरुजींची खुर्ची उचलली आणि रेडिओकडे पाठ, मुलांकडे तोंड अशी ठेवली. रेडिओवरची बाई समुद्राबद्दल सांगत होती. मध्येच किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांची एक मुलगी पुटपुटली, "खोटा सांगता ती. बांगडो असो नाय मेळणा." गुरुजी तिला गप्प करणार, इतक्यात सरांनी रेडिओच बंद केला. "सांगांदेत तिका." त्या दिवशी उरलेला धडा त्या मुलीने घेतला. मग सर गुरुजींकडे वळले. "पेटयेक तोंड आसा, कान नाय. ऐकूक तुमी व्हये." त्या दिवसापासून गुरुजींची खुर्ची तशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी खात्याचा हुकूम आला. ज्या शाळा रेडिओ वापरत नाहीत, त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा. सुट्टी संपताच साहेब बघायला येणार. सरांची फिरतीची नेमणूकही याच तपासणीवर ठरायची होती. आम्ही निर्धास्त होतो. मुलांना धड्यांची इतकी गोडी लागली होती, की रेडिओ जाईल असं मनातही आलं नाही.

साहेब आले. सर त्यांच्याबरोबर. मुलं हाताची घडी घालून बसलेली. गुरुजींनी बटण फिरवलं आणि नुसती खरखर. आत कुणी बाई बोलत होती, पण चुलीवर मासे तळताना पलीकडून कुणी बोलावं तशी. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, तुम्ही बघा ना जरा," ते सरांना म्हणाले. सर उठले असते तर क्षणात आवाज आला असता, आणि साहेबांनी लिहिलं असतं, की या शाळेला रेडिओ हाताळता येत नाही. सर जागचे हलले नाहीत. कोटाच्या खिशात हात घालून शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, रेडिओ गुरुजींचा आहे. गुरुजी बघतील."

गुरुजींनी झाकण उघडून बॅटरी पाहिली, माडावरची तार पाहिली आणि मग अंगणात गेले. आदल्याच दिवशी तुळशीचं लग्न झालं होतं. लग्नासाठी त्यांनी स्वतः वृंदावनाला काव फासली होती, आणि भक्तीच्या भरात तार सोडून खुंटीही लालेलाल केली होती. मग त्या वाळलेल्या रंगावरच तार परत गुंडाळली होती. गुरुजी उकिडवे बसले, चाकूने खुंटी खरवडली, तार आवळली, तांब्याभर पाणी ओतलं. खरखर विरली आणि बाईंचा आवाज वर्गभर झाला. "रंग मियांच मारलंय," गुरुजी साहेबांकडे बघत, अजिबात न लाजता म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले, मुलांकडे तोंड करून. मी सरांकडे पाहिलं. ते पानाचा डबा शोधत होते, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

रेडिओ शाळेतच राहिला. सरांची नेमणूकही राहिली, पण आता त्यांना देवगडच्या बाजूच्या शाळा मिळाल्या. पुढे एकदा तळेऱ्याच्या फाट्यावर भेटले. अंगात तोच कोट, ट्रंकेवर बसून एस्टीची वाट बघत होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आबांनी परत कुलूप लावल्यानी काय गो?"

"नाही हो सर. कुलपाची चावी आता त्यांनाच सापडत नाही."

ते मनापासून हसले. एस्टी लागली, तशी ट्रंक उचलत म्हणाले, "मगे आता माका थंय येवची गरज नाय."

आणि खरंच, ते पुन्हा आले नाहीत. रेडिओ अधूनमधून बिघडायचा आणि गुरुजी तो दुरुस्त करायचे. गुरुजी घरी बसल्यावर मी करू लागले. मला अभिमान वाटायचा, नाही कशाला म्हणू? पण प्रत्येक वेळी झाकण उघडताना मनात येई, एकदा तरी हा असा बिघडू दे, की सरांना बोलवावंच लागेल.