आईच्या रकान्यातल्या रेषा

नगरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, आणि आई तिथल्याच एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. त्या वर्षी सिझेरियन झालेल्या काही बायकांचे टाके पिकू लागले. नेहमीची औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी आमच्या सरांना बोलावलं. सरांनी जखमांतला पू घेतला आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. आईच्याही.

नमुने पुण्याला गेले. तिथे जंतूंच्या डीएनएचे तुकडे करतात. जंतू एकाच कुळीचे असले तर तुकड्यांच्या रेषा सारख्या दिसतात, असं सरांनी सांगितलं होतं. मग एक काळा फोटो आला. उभे रकाने, त्यांत पांढऱ्या आडव्या रेषा. दोन बाळंतिणींचे रकाने आणि आईचा, तिन्ही सारखे.

"म्हणजे सर, आईमुळे झालं?"

"तसं म्हणता येत नाही. जंतू तिच्याकडून त्यांना गेले असतील, किंवा त्यांच्याकडून तिला आले असतील. रेषा एवढं सांगत नाहीत."

मला हे समजलं, आणि समजलंही नाही. डॉक्टरांनी नाकात लावायचं मलम दिलं आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत आईला कपडे धुण्याच्या कामावर पाठवलं. तिथली दुसरी आया म्हणाली, "आक्के, तुझ्या नाकावर राग असतो ते ठावं हुतं, आता जंतू बी हायेत व्हय?"

आई हसली नाही.

ताई तेव्हा बाळंतपणाला आमच्याकडे होती. आई बाळाकडे लांबूनच बघायची. एका संध्याकाळी बाळ रडून लालबुंद झालं आणि ताई न्हाणीत होती.

"आगं, तू शिकतीस ना? सांग की, घिऊ का नको?"

"मलम संपलं की परत तपासतील..."

"तवर?"

ताई आतून ओरडली, "आई, घे गं त्याला!" पण आई माझ्याकडेच बघत होती. आमच्या घरात असलं काही विचारायला दुसरं कोण होतं? हात साबणानं धू, नाकातोंडाला पदर बांध, असं मी म्हणाले. ते पुरेसं होतं का, मला ठाऊक नव्हतं.

आईनं तसं केलं. मग बाळाला खांद्यावर घेतलं आणि मान पार दुसरीकडे वळवून त्याला थोपटत राहिली.