दमणची पंगत

अक्का कुणाशी भांडायची नाही. तिच्याशी कुणी वाकडं वागलं की ती दोन्ही हात कमरेवर ठेवायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायची. आम्ही गल्लीतल्या बाया लगेच ओळखायचो, झालं, आता याच्यावर गाणं येणार.

"भांडन सकायलोंग टिकस," ती म्हणायची, "गानं जलमभर."

आणि ते खरंच होतं हो! आमच्या जळगावच्या गल्लीत दूध घालणारा गवळी दुधात पाणी घालायचा. अक्कानं त्याला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून गाणं म्हटलं, की याची म्हैस विहिरीत उभी राहून दूध देते. आठवड्यात ते गाणं शेजारच्या तीन गल्ल्यांत गेलं. गवळी बिचारा चरवी घेऊन आला की पोरं विचारायची, "दादा, म्हैस पोहायला शिकली का?" शेवटी तो स्वतःच अक्काच्या ओट्यावर येऊन बसला. "अक्का, तू मले दोन थापड मार, पन हाई गानं बंद कर." अक्कानं त्याला चहा पाजला. गाणं काही बंद केलं नाही.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. पापड-शेवया करून पोट भरणारी, पांढऱ्या कपाळाची, सगळ्यांच्या लग्नात हक्कानं पुढे बसणारी. विधवेनं पुढे बसू नये म्हणणारे आमच्याकडेही होते. त्यांच्यावरही गाणी होती.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. अक्काच्या मागे झील धरायची ती आम्ही तिघी: मी, द्वारकावहिनी आणि गोदूमावशी. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. व्याही पंगतीला बसला की नवरीकडच्या बायांनी त्याला गाण्यातून शिव्या द्यायच्या, त्याच्या मिशीपासून त्याच्या आत्यापर्यंत सगळं काढायचं, आणि त्यानं हसायचं. रागवायचं नाही. आणि पहिलं गाणं झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. गाणं नाही तर जेवण नाही, आणि गाणं चालू आहे तोवर पान सोडून उठायचं नाही, इतकं ते पक्कं.

तर झालं असं, द्वारकावहिनींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. बहीण राहायची कुठे, तर दमणला! नवऱ्याचं तिथे मिरची आणि डाळीचं दुकान. म्हणजे फिरंग्याचा मुलूख, परदेशच की! लढाईचे दिवस, इकडे साखर रेशनवर, लग्नात माणसं किती जेवायची त्यावरसुद्धा सरकारचा पहारा. फिरंग्याच्या मुलखात तसली कटकट नव्हती. धुळ्याचा व्याही कापसाचा मोठा दलाल. त्याला थाट हवा होता, म्हणून तो वरात घेऊन समुद्रकाठी यायला कबूल झाला. आणि बहिणीनं निरोप धाडला की इथल्या बायांना आपली गाणी येत नाहीत, अक्काला घेऊन या.

अक्कानं आधी नाही म्हटलं. "माले समिंदर देखाना नही." मग सहज विचारलं, व्याही कोण? द्वारकावहिनींनी नाव सांगितलं. अक्काचे हात कमरेवर गेले.

"मी येसू," ती म्हणाली.

काय सांगू तुम्हाला त्या प्रवासाची मजा! सोबतीला द्वारकावहिनींचे यजमान होते, ते सुरतेपर्यंत झोपले. आम्ही चौघी, कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि अक्काच्या मांडीवर मांडे भाजायचं मातीचं खापर. तिथे खापर मिळायचं नाही म्हणून तिनं ते तान्ह्या पोरासारखं पदराखाली धरलेलं. वापीला उतरून टांगा केला. नाक्यावर फिरंग्याचा शिपाई आला. आम्हाला वाटलं गोरा असेल, तर निघाला काळासावळा, गुजराती बोलणारा. खापरावर बोट वाजवून म्हणाला, "आ शुं छे?"

"खापर शे, बाप्पा. मांडा व्हतस यानावर."

त्याला सगळं समजलं! आमच्या अहिराणीला परदेशातही कुणी अडवत नाही, हे बघून गोदूमावशी तर हरखूनच गेली. मला म्हणाली, "पोरी, आपन इलायतलेबी जाऊ शकतस."

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं, गाडीतलं. नंदुरबार मागे पडलं, बाकीचे पेंगत होते, आणि अक्का खिडकीकडे तोंड करून मला सांगायला लागली. या व्याह्याचं पहिलं लग्न अक्काच्या थोरल्या बहिणीशी ठरलं होतं. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावी वरात आली, वेशीवर थांबली. नवरदेवाचे पाय धुवायला करवली म्हणून लहानगी अक्का तांब्या घेऊन पुढे गेली. तांब्या पितळेचा होता. नवरदेवाला चांदीचा हवा होता. "माझे पाय काय पितळेचे आहेत?" असं म्हणून तो घोड्यावर बसला आणि वरात वेशीवरूनच फिरवली. बहीण हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली, दारात उभी.

"मग?" मी विचारलं.

मग काय, हळद लागलेली पोर कोण करणार? चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या बिजवराला दिली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती उठलीच नाही.

"तांब्या मना हातमा व्हता," अक्का म्हणाली. "मी त्याले पंगतमा बसाडसू आनि गासू. बठ्ठ्यासना समोर, सारी पंगतना समोर गासू. त्यानी मान खाले जावाले जोयजे."

खरं सांगते, मला वाईट नाही वाटलं, मला घाई झाली! कधी एकदा तो माणूस पाटावर बसतो असं झालं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, पंगत दुपारी. मांडव समुद्राच्या अगदी काठावर, वाळूत. वारा असा, की पत्रावळींवर दगड ठेवावे लागले. व्याही आला. लाल फेटा, भरदार मिशी, पोट पुढे. पाटावर बसला. पानावर मांडे, आमरस, वाटीत तूप. समोर आम्ही चौघी, आमच्या मागे दमणच्या बाया.

अक्कानं सुरुवात केली, नेहमीसारखी.

"व्याही बसना पाटवर, पाट कुरकुरना,
रस देखीसन व्याहीना नाक फुरफुरना!"

हशा झाला. व्याही मिशी पुसत हसला. पण घासाला हात घालणार, एवढ्यात अक्कानं लगेच दुसरं धरलं. चाल तीच, आवाज वेगळा.

"वरात उनी वेसलोंग, वेसवरथीन फिरनी,
हयद लागेल बहीन मनी दारमा उभी ऱ्हायनी.
पितयना तांब्या देखी व्याहीना पाय रुसनात,
दारमा उभी बहीनना डोया तठेच सुकनात."

मी त्याच्याकडे बघत होते. आता मान खाली जाणार!

तो हसला. अहो, पोट धरून हसला! "वा अक्का! धुळामा असं गानं नही आयकं. आजून एक व्हऊ द्या!" आणि त्याची माणसंही हसली. पितळेचा तांब्या! पाय रुसले! काय पण जोडलंय!

तेव्हा मला कळलं आणि अक्कालाही कळलं असणार. व्याह्याला शिव्या द्यायची जिथे रीतच आहे, तिथे खरी शिवी ओळखणार कोण? सबंध जगात ही एकच जागा अशी होती, जिथे तिला मोठ्यानं बोलायची मुभा होती, आणि इथेच तिचं बोलणं कुणी खरं मानणार नव्हतं. जन्मभर जपलेलं गाणं, आणि त्यानं ते चटणीसारखं तोंडी लावलं.

आम्ही झील धरायला तोंड उघडलं तर अक्कानं हात आडवा केला.

"आबा," ती म्हणाली, "त्या बहीननं नाव सांगा. मंग पुढनं म्हनस. तवलोंग घास उचलू नका."

त्याला वाटलं, ही गाण्यातलीच गंमत. "गोदी?" तो म्हणाला. "चंद्रभागा? बरं, सोनी?" एकेका नावाला पंगतभर हशा. अक्का नुसती मान हलवत होती. नाही. नाही. आमरसावर माश्या बसायला लागल्या. मग त्याच्या शेजारचा एक म्हातारा पुढे वाकला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. मी व्याह्याचा चेहरा बघितला. आधी मिशी थांबली. मग डोळे.

मान खाली नाही गेली. लाल झाला तो. "हाई काय थट्टा शे? माले आठे बलाईसन मना अपमान?" आणि त्यानं उठायला पाटावर हात टेकला.

व्याही भरल्या पानावरून उठला म्हणजे काय, ते सांगायला नको. संध्याकाळी मुहूर्त, आत नवरी हळद लावून बसलेली. द्वारकावहिनींची बहीण धावत आली आणि तिनं अक्काचे पाय धरले. "अक्का, मनी पोर! म्हन ना तू पुढनं, मनी पोर शे वं आत!"

मी अक्काकडे बघितलं. आताही तिनं एक ओळ म्हटली असती तर तो बसला असता. आणि तिनं ती म्हटली असती, मला खात्री आहे, पण तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला.

"रुख्मा."

विहीणबाई उभ्या होत्या. नवरदेवाची आई, बारीकशी, नाकात मोठी नथ. तोवर त्यांचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

"रुख्मा नाव व्हतं तिनं. माले म्हाईत शे. वरात तठून फिरनी ती सरळ आमना गावले उनी. तोच मुहूर्त, त्याच मुंडावळ्या. मना बापनी चांदीना तांब्या उसना आना." त्या नवऱ्याकडे वळल्या. "बसा. पान टाकीसन उठनात ते मी तुमनासंगे धुळाले येत नही. आठेच ऱ्हासू, समिंदरना काठले."

तो उभाही नाही, बसलेलाही नाही, असा मधेच अडकला. त्याचा मुलगा, नवरदेव, शेजारच्याच पाटावर होता. त्यानं बापाच्या मनगटाला धरलं आणि खाली ओढलं. बसला!

आणि मग विहीणबाईंनी गाणं उचललं. स्वतःच्या नवऱ्यावर! वरपक्षाची बाई, कधी ऐकलंय तुम्ही? एकदाच ऐकलेलं गाणं, पण एक शब्द चुकला नाही. "वरात उनी वेसलोंग..." अक्कानं सूर मिळवला. मग आम्ही. मग मागच्या दमणच्या बायासुद्धा, अर्थ कळो न कळो. आता कुणी हसत नव्हतं. गाणं सुरू झालं म्हणजे जेवायलाच हवं! त्यानं मांड्याचा तुकडा तोडला, रसात बुडवला, तोंडात घातला. गिळवेना. पाणी प्यायला. पुन्हा तुकडा. आम्ही त्याला आख्खं पान जेवायला लावलं, शेवटच्या घासापर्यंत, आणि मला सांगायला जराही लाज वाटत नाही, इतकं गोड मला कुणाचंच जेवण वाटलं नाही.

गोरजेला लग्न लागलं. पोर सुखात आहे, सासू तिला फुलासारखी जपते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. वाकून तिनं एक चूळ तोंडात घेतली आणि थुंकली. "हाई पानी कोनी नासाडं वं?" मी हसले. म्हटलं, "अक्का, झालं ना तुझ्या मनासारखं?"

"कोठे?" ती म्हणाली. "नाव ते विहीननी लिधं. त्यानी कोठे लिधं?"

परत येताना गाडीत तिची मांडी रिकामी होती. खापर तिनं विहीणबाईंना देऊन टाकलं होतं.

त्यानंतर थंडीत अक्का गेली. दोन दिवस ताप, बस. गवळी खांदा द्यायला आला होता आणि सगळ्यात जास्त तोच रडला.

आणि आता ऐका, ज्यासाठी मी हे सगळं घाईघाईनं लिहितेय! त्या व्याह्याच्या धाकट्या मुलाला स्थळं बघतायत. धुळ्याची, मालेगावची, मोठमोठी स्थळं आली. विहीणबाईंनी सगळी मोडली. परवा त्या जळगावला आल्या, तडक आमच्या गल्लीत, आणि गोदूमावशीच्या पुतणीला बघितली. मुलगी पसंत. मान नको, पान नको, फक्त लग्न याच गल्लीत लागायला हवं आणि पंगत इथेच बसायला हवी. नवऱ्याला त्यांनी अजून गल्ली सांगितलेली नाही, नुसतं जळगाव सांगितलंय.

सुपारी फुटल्यावर त्या बाहेर आल्या. आम्ही तिघी दारात उभ्या होतो. त्यांनी आमच्याकडे एकेकीकडे बघितलं, नथ सावरली आणि हळू आवाजात विचारलं,

"तो सोता रुख्मानं नाव लेत नही तवलोंग कोनी गानं म्हनानं नही, तोंड उघाडानं नही. गप बसता ईस ना तुमले बठ्ठ्यासले?"