अण्णांच्या ताटातला मासा

व्हिएतनामला गेलो ते हौसेनं नाही. धाकटा भाऊ शिवा हनोईत नोकरी करतो. तिथल्याच लिन्ह नावाच्या मुलीशी लग्न करायचं म्हणतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ऐकून एवढंच म्हणाले, "माणसं बघितल्याबिगर म्या व्हय म्हणणार न्हाय." त्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सोबत मी.

कळंबहून एसटीनं धाराशिव, तिथून रेल्वेनं मुंबई, मग विमान. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, त्याची धास्ती घेऊ नका. धास्ती जेवणाची घ्या. आम्ही लिंगायत, घरात अंडंही येत नाही. अण्णा रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करतात, त्याआधी पाणीही घेत नाहीत. अर्धी बॅग कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीनंच भरली होती. हनोईला उतरलो तेव्हा माझे पाय सुजले होते, आणि विमानतळावर शिवा भेटल्यापासून बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

हनोईत लोक फुटपाथवर, आपल्याकडे बाथरूममध्ये असतात तसल्या प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून जेवतात. कुणी गोगलगायी सुईनं टोकरून खातंय, कुणी शेवयांच्या वाफाळत्या वाडग्यात तोंड घालून बसलंय. भाजीतही माशाचा रस घालतात, त्यामुळं नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. शिवानं स्वतःसाठी कॉफी मागवली. वर पिवळा फेस.

"हे काय रे?" अण्णांनी पहिल्यांदाच त्याला थेट विचारलं.

"अंड्याची कॉफी, अण्णा."

अण्णा उठून चालू लागले. कोपऱ्यावरच्या एका पाटीकडं बोट करून शिवा त्यांना हाका मारत मागं धावला, "अण्णा, तिथं चाय आहे." अण्णा जाऊन बसले. चहा काही येईना. तिकडं 'चाय' म्हणजे शाकाहारी, हे शिवानं तेव्हा सांगितलं. तुम्ही गेलात तर हा शब्द पाठ करून जा, उपाशी राहणार नाही. भात आणि परतलेल्या पालेभाजीचं ताट आपल्या खानावळीच्या भावात मिळतं. अण्णांनी भात खाल्ला, भाजीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी लिन्हला सोबत घेऊन तिच्या गावी, निन्ह बिन्हकडं निघालो. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना भातशेती, मधूनच उभे काळे डोंगर. फोटो काढावा एवढंही त्राण माझ्यात नव्हतं. लिन्हची आई दारातच उभी होती. नवरा वारलेला, मुलगी एकुलती. घरात शिरताच त्याचा फोटो दिसला. फोटोपुढं फळं, चहाचा कप आणि एक पेटवलेली सिगारेट.

"त्यांना आवडायची," लिन्ह शिवामार्फत म्हणाली. अण्णा बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिले.

मग ताटं आली. अण्णांच्या पुढ्यात अख्खा मासा. खवले, कल्ले, शेपटी, सगळं.

अण्णांनी हात मागं घेतला. लिन्हनं घाईनं चमच्यानं मासा फोडला. आत पांढरं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, वरची खवल्यांची साल सोयाबीनच्याच दुधाच्या सायीची. तिथल्या शाकाहारी लोकांत असे खोटे मासे करायची रीत आहे. पाहुणे मांस खात नाहीत म्हणून तिच्या आईनं पहाटेपासून राबून तो केला होता. अण्णांनी कळंबला जन्मभर सोयाबीनचीच आडत केली. पण त्यांनी तो खाल्ला नाही.

आईनं ताट उचललं. तिचा चेहरा मला बघवेना. लिन्ह तिच्यामागं आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"अण्णा, एक घास तरी घ्यायचा," मी चिडून म्हणाले.

"सोयाबीन हाय, ते कळलं मला. पर डोळ्याला मासाच दिसला. घास उतरंना, तर काय करू?"

त्यांचा आवाजही थकलेला होता. माझ्याशी कुणी बोलू नये असं मला वाटत होतं. शिवा अंगणात पाठ करून उभा राहिला.

सकाळी अण्णा पूजेला बसले. लिन्हच्या आईनं पडद्याआडून पाहिलं, टीव्ही बंद केला आणि शेजारच्या बाईला खुणेनंच दारात थांबवलं. पूजा संपेपर्यंत ती स्वतःही न खाता बसून राहिली. मग केळीच्या पानावर चिकट भात आणि वर तीळ-शेंगदाण्याचं जाडसर कूट आणलं. अण्णांनी घास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. सगळं पान संपवलं.

"शिवा," ते म्हणाले, "तुझ्या सासूला म्हणावं, लई ग्वाड झालंय. आन् कालचं मनावर घेऊ नगा म्हणावं."

सासू म्हणाले, म्हणजे अण्णांचा होकारच होता. शिवानं तो शब्दही लिन्हला भाषांतर करून सांगितला. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

कळंबला परतून महिना झाला. माझी कंबर अजून धरते. अण्णा म्हणतात, "लग्न तिकडंच करा, मला आता तेवढा प्रवास झेपायचा न्हाय." आत्या नाराज आहे, गावात बोलणारे बोलतात. कसला देश, विचारलं तर मला नीट सांगताही येत नाही. त्यांच्याकडं भेटल्यावर 'भात खाल्ला का' विचारतात, एवढं मात्र कळलंय. कारण रोज संध्याकाळी लिन्हचा व्हिडिओ कॉल येतो आणि शिवाकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत ती तेच विचारते.

"खाल्ला बाई," अण्णा मोबाइल डोळ्यांजवळ धरून सांगतात. "तू जेवलीस का?"