लाल टाकीची राखण

"रात्री बाहीर ठिवलेली वस्तू सकाळी आपली नसती," असं दगडाबाई एकदा म्हणाली होती.

ती हे म्हणाली ते गॅसच्या एका लहान लाल टाकीविषयी. पण हे वाक्य टाकीपेक्षा खूप जुनं होतं.

तिचं माहेर आणि सासर, दोन्ही मेंढरांमागं चालणारं. दिवाळी सरली की घोड्यावर संसार लादायचा, कुणाच्या तरी रिकाम्या रानात तळ टाकायचा, सकाळी मोडायचा. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळं ठोकून झालं की भांडी, पीठ, कोकरं, लेकरं सगळं मधोमध यायचं. कडेला एक माणूस राखणीला झोपायचं. दगडाबाईचा नवरा लवकर गेला आणि कडेची जागा तिच्याकडे आली. तिला झोप कमी होती असं नाही. जागा रिकामी होती, एवढंच.

नवी सून असताना एकदा तिच्याकडून तांब्याची घागर बाहेर राहिली. उजाडलं तेव्हा घागर नव्हती. सासू पुढं जितकी वर्षं जगली तितकी वर्षं पाणी पिताना त्या घागरीचं नाव काढायची. दगडाबाई ऐकायची आणि पाणी द्यायची.

मग चराईची रानं आटली, मेंढरं विकली गेली. ती शहरात पुतण्याकडे आली, गारखेड्याला. खोली एक, माणसं खोलीत न मावणारी. तिचं अंथरूण जिन्याखाली पडलं. म्हणजे पुन्हा कडेलाच.

इंद्रजीतची ओळख तिथंच झाली. घरची जमीन होती, पण त्याचा जीव गाड्यांत. एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्यानं बिछाने आणि ओटा बसवून फिरतं घर केलं आणि वेरूळ, म्हैसमाळ, पैठण बघायला येणाऱ्यांना ते भाड्यानं देऊ लागला. गाडी तो चालवी, स्वयंपाक दगडाबाई करी. मागच्या दाराजवळच्या फळीवर तिची गादी होती. साठी उलटल्यावर ती पहिल्यांदा दाराला आतून कडी लावून झोपली. उठली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पाहुणे चहाची वाट बघत बसले होते. तिला कुणी उठवलं नव्हतं. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं होतं.

गॅसच्या टाक्यांची जागा मात्र बाहेर होती. चितेगावच्या हनुमान वेल्डरनं गाडीच्या अंगाला पत्र्याचं कपाट करून दिलं होतं. त्याचं दार फक्त बाहेरून उघडायचं. आतल्या बाजूचे सगळे सांधे बंद, तळाला भोकं. एक टाकी चालू, एक भरलेली. दोन्ही उभ्या, पट्ट्यानं आवळलेल्या. दाराला नुसती खिट्टी. कुलूप नाही.

म्हैसमाळला एका सकाळी पाहुण्या बाईला गॅसच्या उग्र वासानं जाग आली. ती लेकराला उचलून अनवाणी खाली उतरली. इंद्रजीतनं दारं-खिडक्या सगळं उघडलं आणि शोधत शोधत दगडाबाईच्या फळीशी आला. फळीखाली घोंगडीत गुंडाळलेली भरलेली टाकी आडवी होती. टोपण निघून घरंगळलं होतं. कुणी काडी ओढली नव्हती म्हणून सगळे उभे होते. तेव्हा दगडाबाईनं ते वाक्य म्हटलं.

रोज रात्री ती भरलेली टाकी आत आणत होती आणि उजाडायच्या आत परत ठेवत होती. त्या दिवशी तिला गाढ झोप लागली होती.

पाहुण्यांना सोडून इंद्रजीतनं गाडी थेट चितेगावला नेली. हनुमाननं टाकीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले.

"रबर गेलंय हिचं," तो म्हणाला. मग दगडाबाईकडे वळून, "काय मावशे, लाल मेंढी कुशीत घेऊन झोपतीस व्हय?"

"मेंढी वास मारीत नाय इतका," दगडाबाई म्हणाली.

"हनुमान, कुलूप बसव कपाटाला," इंद्रजीत म्हणाला. "विषय संपव."

"कुलूप नाय बसवायचं, भाऊ. नळी पेटली तर टाकी बंद करशील का किल्ली हुडकशील? अन् मावशे, तू ऐक. हा गॅस वर जात नाय. पाण्यावानी खाली वाहतो. ती भोकं त्याच्यासाठीच. आत आणली की गळलेल्या गॅसनं गाडी भांड्यावानी भरती."

"अन् खिट्टी काढून टाकी कुणी नेली मंग?"

"नेली तर नेली," इंद्रजीत म्हणाला. "दुसरी आणू. माणूस दुसरं आणता येत नाही, मावशी."

"तुमाला काय जातंय दादा तसं म्हनायला. जमीन हाय तुमची. जमीन उचलून न्यायला चोराला गाडी पुरत नाय."

हनुमान मोठ्यानं हसला. "लईच राखायची हौस आसंल तर बस जाऊन कपाटाजवळ. पण वारा जिकडून येतो त्या अंगाला बस, अन् लांब."

इंद्रजीत हसला नाही. त्याला अजून त्या पाहुण्या बाईचे अनवाणी पाय दिसत होते. "मावशी, एकदाच सांगतो. पुन्हा टाकी आत दिसली तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

दगडाबाईनं गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं. दुसरी बाई म्हणजे ती फळी, ती गादी, ती कडी दुसऱ्या बाईची; आणि आपण जिन्याखाली.

पुढची फेरी पैठणची. धरणाच्या काठाला गाडी लागली. जेवणं लवकर उरकली. दगडाबाईनं भांडी घासली, चालू टाकी बंद केली. नव्या भरलेल्या टाकीचं टोपण दाबून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, खिट्टी लावली. मग आत येऊन फळीवर पडली. काठावर कुणाची तरी मोटरसायकल थांबली, बोलणं झालं, मोटरसायकल गेली. तिनं डोळे मिटले. पाण्याकडून वारा येत होता आणि त्यात खिट्टी हलल्यासारखी वाटत होती. गादी मऊ होती. अंग दिवसभराचं मोडलेलं होतं. झोप येईना.

ती उठून बसली. पुढच्या सीटवर फोन बघत पडलेल्या इंद्रजीतनं मान वळवली.

"मावशी, टाकी आणायची नाही हं."

तिनं उशी गादीवर नीट ठेवली, घोंगडी खांद्यावर घेतली. कडी काढून दारात क्षणभर थांबली, वारा गालावर कुठून लागतो ते पाहिलं, आणि उतरून कपाटापासून लांब, त्याच अंगाला चालू लागली.