कोंडा, कबुतरं आणि ठेकेदार

वीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या की किस्से आपोआप साठतात. लोक म्हणतात, "कंपाउंडर, काहीतरी हसवणारं सांगा!" पण जव्हारच्या दवाखान्यातलं काही सांगायला घेतलं की मला हसू कमी येतं, संताप जास्त.

*

चौदा सालची मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या डॉक्टरसाहेबांकडे विलायतेची मासिकं यायची. एकात लंडनमधल्या एका पोलिश शास्त्रज्ञाचा शोध छापला होता. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ खाऊन कबुतरं लुळी पडतात आणि कोंड्याचा अर्क दिला की उठून बसतात! कोंड्यातल्या त्या गुणाला त्यानं नाव दिलं होतं, व्हिटॅमिन.

साहेबांनी लगेच चार कबुतरं आणली. तीन आठवडे पांढरा भात घातला, चारही आडवी. कोंड्याचं पाणी पाजलं, संध्याकाळी उभी! साहेब खुशीत मोखाड्याला व्हिजिटला गेले. परत येतात तो पिंजरा रिकामा.

शिपाई गणू शांतपणे म्हणाला, "साहेब, आजारी होती तोवर मी हात लावला का?"

*

तेव्हा मोखाड्याच्या घाटात रस्त्याचं काम चालू होतं. पाड्यापाड्यांतून मजूर आणले होते. बायका उखळात भात कांडायच्या, त्यात वेळ जातो म्हणून ठेकेदारानं उखळच बंद केलं. शिधा म्हणून गिरणीचा तांदूळ, बाकी काही नाही.

"राजवाड्यात शिजावा असा तांदूळ खातात लेकाचे!" तो मूठभर तांदूळ उडवत आम्हाला म्हणाला.

दोन महिन्यांत तेच 'लेकाचे' पाय सुजून बसले. पाय बधिर, चार पावलांत धाप. ठेकेदाराचं निदान तयार होतं, "कामचोर!"

*

लखमी आणि तिचा नवरा जान्या, दोघंही त्या कामावर. दोघांचेही पाय सुजलेले. साहेबांनी लखमीला समोर बसवून पोलिश शास्त्रज्ञ, कबुतरं, कोंडा, सगळं समजावलं.

ती म्हणाली, "दागतर, आमी घरी कांडतो त्या तांदळाला कोंडा ऱ्हातोच. ह्ये तुमाला विलायतेवरून कळलं?"

साहेब ओशाळून म्हणाले, "अगं, त्या बिचाऱ्याचा देश दुसऱ्यांनी वाटून घेतलाय. पोटासाठी परमुलखात राहतो."

"मंग आमच्यातलाच हाये तो."

*

साहेबांनी वर अर्ज केला की मजुरांसाठी कोंडा मंजूर करावा. उत्तर आलं, "कोंडा औषधांच्या यादीत नाही. तो जनावरांच्या खाद्यात मोडतो. दवाखान्यात जनावरं किती, ते कळवावे."

तो कागद मी स्वतः फाडला. नोकरी गेली असती तरी फाडला असता!

*

ते उत्तर येईपर्यंत जान्या गेला होता. खडी फोडता फोडता छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. ठेकेदाराच्या मुकादमानं हजेरीत त्याच्या नावापुढे लिहिलं, "गैरहजर."

*

त्यानंतर साहेबांनी अर्जबिर्ज सोडले. ठेकेदाराच्या घोड्यासाठी गिरणीतून कोंड्याची पोती येत. भर दुपारी, ठेकेदार जेवून घोरत असताना, मी आणि गणूनं दोन पोती उचलून आणली. साहेबांनी कोंडा भिजवून त्याचं पाणी सगळ्यांना पाजलं. तोंड वेडंवाकडं करत प्याले बिचारे. दहा-बारा दिवसांत लखमी आपल्या पायांनी दवाखान्याची पायरी चढली.

तेवढ्यात ठेकेदार तावातावानं आत शिरला. "डॉक्टर, तुमच्या माणसांनी माझ्या घोड्याचा कोंडा चोरला!"

साहेबांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. "मग पांढरा तांदूळ शिजवून घाला त्याला. पोती भरलीत तुमच्याकडे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" ठेकेदार लखमीसमोरच ओरडला, "नुसत्या भातावर जनावर मरेल ना!"